मराठे जिंकले, कोलंबोत

२०१२ साली मराठ्यांनी दिल्लीकरांना धूळ चारली. पानिपतानंतर अडीचशे वर्षांनी हिशेब चुकता झाला आणि तुम्हाला कुणी साधा पेढा दिला नाही. तुमचा दोष नाही. पुण्याला तरी कुठे कळलं होतं? लढाई झाली कोलंबोत. मराठ्यांच्या डोक्याला जाळीची हेल्मेटं, खांद्यांवर गाद्या भरल्यासारखे पॅड, आणि हातात दोन्हीकडून निमुळता चेंडू. खेळायचा बहुतेक वेळ हातांनी, पण खेळाचं नाव फुटबॉल. 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' असं भारदस्त नाव असलेल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा तो पहिला मोसम. अंतिम सामन्यात 'पुणे मराठाज' या संघाने 'दिल्ली डिफेंडर्स'ना हरवलं. सामने टेन स्पोर्ट्सवर दाखवले. मी पाहिले. आमच्या बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये ते पाहणारा मी एकटाच असेन, कारण दुसऱ्या दिवशी संपिगे रोडवर विषय काढला तेव्हा भाजीवालीपासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी माझ्याकडे 'उन्हाचं फिरू नका' अशा नजरेने पाहिलं.

माझ्या घरापासून काडु मल्लेश्वराचं देऊळ चालत सात मिनिटांवर आहे. काडु म्हणजे रान. रान गेलं, देव राहिला, आणि त्याच्यावरून वस्तीला नाव पडलं. या देवाला १६६९ साली एकोजीराजांनी, म्हणजे शहाजीराजांच्या धाकट्या चिरंजीवांनी, शिवरायांच्या सावत्र भावाने, एक गाव इनाम दिलं. तसा शिलालेख आहे. आमच्याकडे पुण्या-साताऱ्याहून पाहुणे आले की त्यांना बेण्णे डोसा खाऊ घालायच्या आधी मी तिथे नेतो. मराठ्यांनी इथे नाव कोरलं ते गावाचं उत्पन्न लावून देऊन. दिव्याला तेल कुठून येणार, नैवेद्य कोण आणणार, हे आधी ठरलं. दगडावर अक्षरं मागाहून आली.

कोलंबोत जिंकलेल्या मराठ्यांच्या दिव्याला तेल कोण घालणार होतं, हे मात्र कुणी कोरून ठेवलं नव्हतं. या लेखात माझं भांडण तेवढंच आहे. ते मी जरा मोठ्या आवाजात मांडणार आहे, कारण मी चाळीसेक वर्षं मैदानाच्या कडेला गुणलेखकाच्या टेबलाशी बसलेला माणूस आहे आणि त्या जागी बसणाऱ्याला हळू बोलायची सवय राहत नाही.

खेळाविषयी आधी सांगून टाकतो, म्हणजे 'या म्हाताऱ्याला परक्याचं काही खपत नाही' असं म्हणायची सोय उरणार नाही. खेळ उत्तम आहे. शंभर यार्डांचं मैदान, अकरा-अकरा गडी, चार खेपांत दहा यार्ड पुढे सरका नाहीतर चेंडू समोरच्याच्या हवाली करा. कुस्ती आणि बुद्धिबळ एकाच घामात. आपल्याकडच्या तालमीतल्या पोराला, कबड्डीच्या चढाईबहाद्दराला, रग्बी खेळलेल्याला तो कळायला वेळ लागत नाही, आणि लीगने मुलं गोळा केली तीही अशाच ठिकाणांहून. त्या मुलांबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही. नवा खेळ शिकून, अंगाला सवय नसलेलं ओझं चढवून, परक्या देशातल्या उकाड्यात ती धडाधड एकमेकांवर आदळली. आदळणं खरं होतं. बाकीचं काय होतं, ते पाहू.

२०११ साली घोषणा झाली तेव्हा पाठीराख्यांची यादी वाचून छाती दडपली. माइक डिटका, कर्ट वॉर्नर, मायकेल अर्विन, रॉन जावोर्स्की: अमेरिकन फुटबॉलमधली ही मातब्बर नावं. सोबत मार्क वॉलबर्ग हा सिनेनट. संघांची नावंही ठरली. मुंबई ग्लॅडिएटर्स, बंगळूर वॉरहॉक्स, कोलंबो लायन्स. पेशावरचाही एक संघ कागदावर होता, पेशावर वुल्फपॅक; म्हणजे मराठे पुन्हा अटकेपार जायचे होते. सगळं होतं. फक्त पुण्यात अमेरिकन फुटबॉल खेळणारी शाळा नव्हती, मुंबईत मंडळ नव्हतं, आणि बंगळुरात रोज संध्याकाळी हा खेळ चालतो असं एकही मैदान माझ्या पाहण्यात नव्हतं. लग्नाचा हॉल बुक झाला, बँड ठरला, पत्रिका वाटल्या, आणि मुलीच्या बापाला विचारायचंच राहिलं.

असं बोललं की लगेच एक शहाणा भेटतो. माझ्या घरासमोरच राहतो. म्हणतो, "सर, प्रत्येक नव्या गोष्टीला दात येताना त्रास होतोच. अमेरिकेत तरी सुरुवातीला काय होतं?"

बरोबर. काय होतं ते सांगतो. मला ते चांगलं ठाऊक आहे. निवृत्तीनंतर माणसं ज्ञानेश्वरी लावतात, मी हे लावलं.

१८९२ साली पिट्सबर्गमध्ये पज हेफेलफिंगर नावाच्या गड्याला एका सामन्याचे ५०० डॉलर मिळाले. ते त्याला खेळवणाऱ्या क्लबच्या खर्चाच्या वहीत नोंदलेले सापडले, तेही पुष्कळ वर्षांनी, कारण हौशी खेळाडूने पैसे घेणं हे तेव्हा पाप होतं. म्हणजे हा व्यवसाय जन्माला आला तोच पदराआड. पुढे १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतल्या कँटन गावी राल्फ हे नावाच्या माणसाच्या मोटारींच्या दुकानात काही संघांचे लोक जमले. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून मोटारींच्या पायरीवर बसले. देशात दारूबंदी, पण बादलीत बिअर होती. तिथे जी संघटना निघाली तीच आजची एनएफएल. प्रत्येक संघाने १०० डॉलर वर्गणी भरायची असं ठरलं. एकानेही भरली नाही. अध्यक्ष केलं जिम थॉर्पला, कारण त्याचं नाव देशभर माहीत होतं. नाव पुढे करून दुकान मांडायची चाल तिकडेही होती, हे मी लपवत नाही.

पण दुकानाच्या मागे काय होतं ते बघा. डेकेटर गावचा संघ ए. ई. स्टेली यांच्या खळीच्या कारखान्याचा. कपड्यांना घालतात ती खळ, मक्याची. जॉर्ज हॅलस हा गडी तिथे नोकरीला होता. काम कारखान्याचं आणि सराव फुटबॉलचा. ग्रीन बेचा संघ १९१९ साली निघाला तो डबाबंद मांसाच्या कंपनीने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले म्हणून, आणि त्या कंपनीचं नाव, योगायोग पाहा, इंडियन पॅकिंग कंपनी. कोलंबसचा संघ रेल्वेच्या कारखान्यातल्या कामगारांचा. त्यांच्यापाशी रेल्वेचे फुकट पास, त्यामुळे दुसऱ्या गावी जायला भाडं पडत नसे. हा हिशेब ज्याने जमवला तो जो कार पुढे १९२१ साली सबंध संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९३९ पर्यंत, मरेपर्यंत, राहिला. तिकिटाचे पैसे वाचवता येणारा माणूस अध्यक्ष! मला या एका गोष्टीसाठी त्या देशाचं कौतुक वाटतं. आपल्याकडे अध्यक्ष बिझनेस क्लासने येतो आणि मुलं स्लीपरच्या वेटिंग लिस्टवर.

दुखणी होतीच. १९२० साली १४ संघ होते, त्यातले आज दोनच उरलेत. १९२६ मध्ये २२ संघ झाले, १९३२ मध्ये ते आठावर आले. त्या १९३२ चा अंतिम सामना शिकागोत बर्फामुळे मैदानावर घेता येईना, म्हणून बंदिस्त स्टेडियममध्ये घेतला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेलेली. तिचीच माती अंथरलेली, मैदान जेमतेम ८० यार्डांचं, आणि हत्ती-घोड्यांचा मागे राहिलेला वास. त्या वासात शिकागो बेअर्सनी पोर्ट्समथला ९-० हरवलं.

ही झाली दात येतानाची दुखणी. मात्र ती दुखणी कुणाच्या खिशाला झाली? खळवाल्या स्टेलीसाहेबांचा जीव १९२१ साली खर्चाने मेटाकुटीला आला, तेव्हा त्यांनी हॅलसला बोलावून संघ त्याच्या स्वाधीन केला. वर ५,००० डॉलर हातावर ठेवले आणि अट घातली ती एवढीच, की आणखी एक मोसम संघाचं नाव 'स्टेलीज' राहू दे. नाव वापरायचं तर पैसे मोजावे लागतात, ही अक्कल खळ विकणाऱ्याला होती. इकडे 'मराठा' हे नाव, ज्याच्यामागे साडेतीनशे वर्षांची तलवार, चौथाई आणि वतनपत्रं आहेत, ते फुकटात गेलं. कुणी विचारलंही नाही, आणि आपल्यालाही कुणी विचारावं असं वाटलं नाही, कारण टीव्हीवर 'पुणे' आणि 'मराठाज' हे दोन शब्द एकत्र दिसले की आपले डोळे पाणावतात.

आता कुत्र्यांची गोष्ट. तिच्यासाठी तर हा लेख लिहायला घेतला.

ओहायोत लारू नावाचं गाव आहे. हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं. तिथे वॉल्टर लिंगो नावाचा माणूस एअरडेल जातीची कुत्री पाळून विकायचा. ऊरांग केनेल्स हे त्याच्या धंद्याचं नाव. एका कुत्र्याला तो १५० डॉलर घेई. एनएफएलमध्ये संघ उतरवायला लागायचे १०० डॉलर. म्हणजे कुत्र्यापेक्षा संघ स्वस्त. लिंगोने १९२२ साली संघ घेतला, नाव ठेवलं 'ऊरांग इंडियन्स'. सगळे खेळाडू अमेरिकेतले मूळ रहिवासी, निरनिराळ्या जमातींचे, आणि म्होरक्या तोच जिम थॉर्प. याच थॉर्पने १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली होती आणि पूर्वी चिल्लर पैशांसाठी बेसबॉल खेळला म्हणून पुढच्याच वर्षी ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली होती. गावात मैदानच नव्हतं, त्यामुळे संघ जवळजवळ कायम दौऱ्यावर. खेळाडू एरवी कुत्र्यांना शिकवायचे. आणि सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी विश्रांती घ्यायची नाही, तर पिसं लावून नाचायचं, कुऱ्हाडी फेकायच्या, नेमबाजी करायची, आणि कुत्र्यांनी पडलेलं सावज उचलून आणायचं. त्यांच्यातला एक गडी अस्वलाशी कुस्ती खेळायचा म्हणतात. गर्दी मध्यंतरासाठी यायची. खेळाचं म्हणाल तर पहिल्या मोसमात तीन विजय नि सहा पराभव, दुसऱ्यात एक विजय नि दहा पराभव. नवलाई संपली, लिंगोने संघ गुंडाळला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो, मग हसू आटलं. ज्यांची जमीन गेली त्या माणसांना त्यांचाच पोशाख चढवून, त्यांच्याच नावाचा तमाशा करायला लावायचा, आणि का, तर कुत्री खपावीत म्हणून. याहून ओंगळ काही असेल? आहे. लिंगो निदान सरळ सांगायचा की मी कुत्री विकतोय. त्याच्या दारात जाऊन कुत्रं बघता यायचं, शेपटी धरून खात्री करता यायची.

आपल्याकडे जेव्हा एखादी लीग ऐतिहासिक नावाचा फेटा बांधून अवतरते, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो: कुत्री कुठली विकताय? टीव्हीवरचे तास? गुंतवणूकदारांना दाखवायचा नकाशा, ज्यात आपल्या कोट्यवधी लोकांना गिऱ्हाईक म्हणून रंगवलंय? जमिनीचा तुकडा? उत्तर मिळत नाही. कुत्रं पिशवीतच राहतं, नुसतं भुंकणं ऐकू येतं.

आणि नावं तरी किती! २००५ मध्ये हॉकीची प्रीमियर लीग निघाली, त्यात 'मराठा वॉरियर्स'. २००८ नंतर ती लीग राहिली नाही. २०१२ मध्ये हे 'पुणे मराठाज'. २०१५ मध्ये युनायटेड बास्केटबॉल अलायन्सची लीग, त्यात 'पुणे पेशवाज'. दोन-तीन वर्षांत तीही गार. बास्केटबॉलच्या टोपलीखाली पेशवे! बाजीरावांची उंची किती होती कोण जाणे. २०१७ मध्ये तर शारजात दहा षटकांच्या क्रिकेटचा एक संघ उतरला, 'मराठा अरेबियन्स'. हे नाव ज्याला सुचलं त्याचा सत्कार भारत इतिहास संशोधक मंडळात व्हायला हवा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढंच असतं तरी चाललं असतं. इथे वाळाही भाड्याचा.

उगाच मराठीपणाचा गळा काढतोय असं वाटू देऊ नका. मी कन्नड मुलखातला मराठी. घरात मराठी, दारात कन्नड, रागात दोन्ही. बंगळूर एकदा मराठ्यांच्याच हातून विकायला निघालं होतं, हेही मला ठाऊक आहे. तीन लाख रुपयांचा सौदा, गिऱ्हाईक म्हैसूरचे वोडेयार, मधेच १६८७ साली मोगलांनी झडप घातली आणि शेवटी पैसे घेऊन शहर म्हैसूरलाच दिलं. तेव्हा फ्रँचायझीच्या खरेदी-विक्रीत आपण सोवळे आहोत असा माझा दावा नाही. शहाजीराजांची जहागीर गेली म्हणून माझा रक्तदाबही वाढत नाही. वाढतो तो क्लब आणि नाव यांतला फरक लोकांना कळेनासा झालाय म्हणून.

क्लब काय असतो ते मल्लेश्वरममध्ये दाखवतो, चला. आठव्या क्रॉसच्या गर्दीतून वाट काढत कॅनरा युनियनकडे या. हा लग्नाचा हॉल. प्रकाश पदुकोण लहानपणी इथे बॅडमिंटन शिकला. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की शाळा सुटली की आज हॉलमध्ये कार्य आहे का ते बघायचं, नसलं की पळत जाऊन खेळायचं. मुहूर्ताचे दिवस आले की सराव बंद. वडील रमेश पदुकोण हे राज्याच्या बॅडमिंटन संघटनेचं काम पाहणारे. त्यांच्या खटाटोपावर ते चाललं. केळीच्या खांबांच्या आणि सांडलेल्या रसमच्या जागेवर शिकलेला हा मुलगा १९८० साली ऑल इंग्लंड जिंकला. त्या हॉलला कुणी 'मल्लेश्वरम मॅव्हरिक्स' असं नाव दिलं नव्हतं. लोगो नव्हता. कसलं गीतही नव्हतं. असलंच तर मंगलाष्टकं.

किंवा बास्केटबॉल घ्या, माझा स्वतःचा खेळ. मल्लेश्वरमचा बीगल्स क्लब अख्ख्या कर्नाटकात माहीत आहे. (बीगल हेही कुत्रंच, पण इथे ते कुणी विकत नाही.) पहाटे साडेपाचला उघड्या कोर्टावर शिंपण करून, चुन्याच्या रेघा पुन्हा मारून, कुणाच्या तरी मोठ्या भावाने लहानांना शिकवायचं, अशाने ते क्लब उभे राहिले. आणि त्यांच्या पाठीमागे काय होतं? नोकऱ्या. एचएएल, आयटीआय, बीईएमएल, बँका, रेल्वे. मीही एका सरकारी कारखान्यात लागलो तो उंचीवर आणि डाव्या हाताच्या शॉटवर. दुपारी तीनला कोर्टावर जायची सवलत होती. फोरमन कुरकुर करायचा, पण आंतरकारखाना सामन्यात आम्ही जिंकलो की तोच गावभर सांगायचा. पगार एक तारखेला. गुडघा गेला तेव्हा मला स्टोअरमध्ये बसवलं, घरी नाही पाठवलं. खळीच्या कारखान्यात हॅलस, रेल्वेत कोलंबसचे गडी, आणि इथे आम्ही: जात एकच. व्यावसायिक खेळ बाजारात उभा राहण्याआधी कुठल्या तरी कारखान्याच्या हजेरीपटावर काही दशकं राबतो. तिथे त्याची हाडं भरतात.

माझा समोरचा शहाणा इथे उसळून म्हणतो, "मग कबड्डी? ती तर टीव्हीनेच मोठी केली!"

अरे बाबा. प्रो कबड्डी २०१४ साली आली आणि पहिल्या लिलावात राकेशकुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले, तेव्हा मला आनंद झाला. रेल्वेच्या त्या पोराने ते घामाने मिळवले होते. पण टीव्हीवाले आले ते पिकल्या शेतात. नांगरट कुणी केली? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आले होते. बुवा साळवींनी आयुष्य घातलं. लालबाग-परळच्या गल्ल्यांमधून, गणपतीच्या मांडवाशेजारी, दिव्याच्या खांबाखाली मंडळांनी पिढ्यान् पिढ्या गुडघे फोडून घेतले. बँका, तेलकंपन्या, महिंद्रासारखे कारखाने यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली. एवढं सगळं झाल्यावर, जवळपास शंभर वर्षांनी, कॅमेरा आला. आणि तुम्ही कॅमेऱ्याला बाप म्हणता! मोटारींच्या दुकानातली मंडळीसुद्धा इतकी उतावीळ नव्हती. त्यांनी एनएफएल काढली तेव्हा कॉलेजांमधून तो खेळ पन्नास वर्षं खेळला जात होता. टीव्ही तर जन्मायचा होता.

आमच्या हेल्मेटवाल्या मराठ्यांना नेमका हाच काळ दिला गेला नाही. आधी चित्रीकरण, मग प्रेक्षक, मग जमलंच तर खेळ, असा उलटा प्रवास. नंतरही नवे संघ, नवे मोसम यांच्या गर्जना कानावर येत राहिल्या. गर्जनांना भाडं पडत नाही.

या साऱ्यात भोगतो कोण, ते मला टेबलाशी बसून दिसलेलं आहे. माझ्या वाट्याला आलेली लीग वेगळी. कुठला खेळ, कुठलं साल, ते सांगत नाही. चालवणारे गेले, त्यांच्यामागे लागण्यात आता अर्थ नाही. चार दिवस गुणलेखनाला बसलो. रोषणाई अशी की डोळे दिपावेत. प्रत्येक गुणाला ढोल. चौथ्या रात्री सामने संपले, धूर सोडणारं यंत्र बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या लॉजवर गेलो तर व्यवस्थापकाने त्यांच्या बॅगा काउंटरमागे कुलपात घातलेल्या. बिल कुणी भरलं नव्हतं. 'ओनर' नावाचे गृहस्थ फोन उचलेनात. त्यातला एक मुलगा, साडेसहा फुटांचा, बेळगावकडचा, मला हळूच म्हणाला, "काका, रात्रीच्या गाडीचं तिकीट आहे. बुटं तरी द्यायला सांगा." मी लॉजवाल्याशी कन्नडमध्ये भांडलो, मग मराठीत भांडलो, मग खिशातून पैसे दिले. सगळ्यांचे नाही. सगळ्यांचे देण्याइतकी माझी पेन्शन नाही. माझ्या मानधनाचा चेक बँकेने दोनदा परत पाठवला. तो मी ठेवलाय. त्याच्यावर लोगो फार सुरेख छापलाय.

दात येतानाचं दुखणं, असं म्हणतात या प्रकाराला. दात एकाला, आणि ताप दुसऱ्याला.

यात मी स्वतःला सोडवून घेत नाही. कोलंबोचा तो सामना संपला तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. बायको आतून बाहेर आली, म्हणाली, "कोण जिंकलं?" मी म्हणालो, "मराठे." ती म्हणाली, "कुठले?" मला सांगता आलं नाही. पुण्यात त्यांचा पत्ता काय, सराव कुठे करतात, पुढच्या रविवारी सामना कुठे, तिकीट किती, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. पत्ता नसलेल्या घराला मी तोरण लावत होतो. आपण सगळेच लावतो. नावात भगवा दिसला की पावती मागत नाही. फुकटात हळवं होणारं असं गिऱ्हाईक लिंगोला सापडलं असतं तर त्याने कुत्री सोडून दुसरं काही पाळलं नसतं.

गेल्या महिन्यात एक तरुण घरी आला. चांगला पोरगा, पायातली चप्पल दाराबाहेर काढून आला, मराठीत बोलला. आणखी एक लीग येतेय म्हणे. बंगळूरच्या संघाला इथल्या मराठी माणसांचा पाठिंबा हवाय, म्हणून जुन्या खेळाडूंना भेटत फिरतोय. गुळगुळीत कागदाची पुस्तिका दिली. पहिल्या पानावर ढाल-तलवार, दुसऱ्यावर संघाचं नाव कसं असावं याचे पाच पर्याय, पाचांतल्या तिघांत मराठा. शेवटच्या पानावर गुंतवणूकदारांसाठी लोकसंख्येचा तक्ता. मी त्याला कॉफी दिली आणि पुस्तिका शेवटापासून पुढे वाचत आणली. हिशेबाच्या वह्या मी तशाच वाचतो.

"सराव कुठे करणार?" मी विचारलं.

"सर, नावाचं आधी फायनल करू या," तो म्हणाला. "अठराव्या क्रॉसच्या मैदानाचं बघतोय, पण तिथे सध्या मंडप आहे."